लक्ष्मीच्या पेवातला मका

१

रवळूआप्पांना पेवातून वर ओढून काढलं, तेव्हा त्यांच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. ओठ तेवढे जांभळे पडले होते. उजव्या मुठीत मक्याचे दाणे इतके घट्ट धरलेले की दोघांनी मिळून बोटं उलगडावी लागली. आणि दुसऱ्या दोरीला बांधलेला कंदील त्यांच्यामागून वर आला, तो जळत होता.

सकाळचे दहा वाजले होते. पौषातली थंडी, पण ऊन चांगलं चढलेलं. तळवाडीच्या लक्ष्मीची जत्रा महिन्याभरावर आली होती, म्हणून देवळाच्या आवारातलं पेव उघडलं होतं. जमिनीत खणलेलं सुरईच्या आकाराचं हे कोठार. तोंड एका माणसापुरतं, पोट एका खोलीएवढं. पलीकडच्या आळीतली कन्नड बोलणारी माणसं त्याला हगेव म्हणतात. सदलग्याच्या आसपासच्या गावांनी आपापली पेवं कधीच बुजवून टाकली. तळवाडीनं हे एक ठेवलं, कारण ते देवीचं. जत्रेच्या जेवणाचा मका त्यात भरायचा, चिखलानं तोंड लिंपायचं आणि जत्रेआधी उघडायचं. आत उतरायचा मान चाळीस वर्षं रवळूआप्पांचा.

ते उतरले. खाली टेकल्याची दोरी हलवली. मग आतून एकच हाक आली, "यल्ला..." आणि दोरी सैल पडली.

पेवात कधी कधी हवा मरते, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. म्हणून तर आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. पण या खेपेला कंदील विझला नव्हता. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग धडधाकट माणूस गेला कशानं?

संध्याकाळपर्यंत गावानं दोन उत्तरं शोधली. एक, देवीनं माणूस घेतला. दुसरं उत्तर कुणी मोठ्यानं बोललं नाही. आप्पांची सून राणी हिनं त्या सकाळी त्यांना चहा-भाकरी दिली होती. आणि आदल्याच दिवशी नळावर, चार बायकांसमोर, ती सासऱ्यावर ओरडली होती, "डोळ्यांनी दिसंना तरी उतरायचंच म्हंता! एक दिवस त्या पेवातच मरशीला!"

मंगलला हे सगळं बाराव्याला आल्यावर कळलं.

मंगल ही राणीची आत्या. वय अठ्ठेचाळीस, एकटी, काकतीजवळच्या एका कोंबडीखाद्याच्या कारखान्यात गेटवर मका तपासायचं काम. ट्रॉली आली की पोत्यात बांबू खुपसून मूठभर दाणे काढायचे, एक दाताखाली धरायचा आणि ओलाव्याचा आकडा सांगून टाकायचा. मग मीटर लावायचं. मीटर आणि तिचे दात यांच्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडला, असं गेल्या अठरा वर्षांत झालं नव्हतं. चौदा टक्क्यांच्या वरचा मका ती परत धाडायची. ट्रॅक्टरवाले तिला भिऊन असत.

बाराव्याच्या पंगतीत ती कडेला बसली होती. राणी वरण घेऊन आली. पहिल्या पानावर हात आडवा आला. दुसऱ्या पानावरही. तिसऱ्या बाईनं तर पान उचलून पदराखाली घेतलं. राणी सबंध पंगत फिरली आणि भरलेली बादली घेऊन परत चुलीपाशी गेली. तिचा नवरा युवराज दारातल्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं हे पाहिलं आणि मान खाली घातली.

मंगल उठून आत गेली. "राणे, मला वाढ."

राणीनं डाव हातात घेतला. "आत्या, तू तरी खाशील?"

"वाढ म्हणते न्हवं."

तिनं तिथंच चुलीपाशी बसून चार घास खाल्ले. राणी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पोलीस रक्त तपासाय घेऊन गेल्यात. कागद यायला महिना लागंल म्हंत्यात. तवर मी काय करू? आन कागद आला तरी ही मानतील व्हय? आता तर मका बी घटाय लागलाय."

"मका घटतोय म्हंजे?"

"देवळात जा आन बघ," राणी म्हणाली. "माझ्याच्यानं न्हाय सांगवत."

२

देवळाच्या आवारात मका पसरलेला होता. चारी बाजूंनी हळदीत बुडवलेला दोरा ताणून बांधलेला, कोपऱ्यांवर लिंबं ठेवलेली. आवारात चिटपाखरू नव्हतं, आणि हे शब्दशः. एवढं धान्य उघड्यावर पसरलेलं असताना एक चिमणी तिथं उतरलेली नव्हती. आंबूस, जड वास जमिनीलगत रेंगाळत होता, जुन्या ताडीसारखा.

पेवाचं तोंड फळी टाकून झाकलं होतं. फळीच्या फटीतून काळोख तेवढा दिसत होता.

देवस्थान कमिटीचे मारुतीराव चावडीच्या पायरीवर बसले होते. साठीतला, कडक इस्त्रीचा माणूस; पण आज त्यांच्या दाढीचे खुंट वाढले होते.

"या," ते म्हणाले. "तुमी मक्याच्या जाणकार म्हणून सांगतो. न्हायतर बाहेरच्या माणसाला सांगावं असं हे न्हवं. रवळू गेल्यावर दोन दिवसांनी आमी वरूनच दोरीच्या टोपलीनं मका काढला. वजन केलं. वीस क्विंटल. भरताना वीस, काढताना वीस. किलोभर बी इकडं तिकडं न्हाय. म्हणजे चोरी न्हाय. मग उन्हात पसरला. पहाऱ्याला रोज रातीला चार माणसं, येगयेगळ्या घरची; दिवसा मी बसतो. तिसऱ्या दिवशी सहज वजन केलं, तर एक क्विंटल कमी. पाचव्या दिवशी आणिक. कुणी हात लावलेला न्हाय, बाई. दोरा तसाच. रोज वजन घेतोय, रोज घटतोय. कोण खातंय हे?"

त्यांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला. आकडे एकाखाली एक उतरत गेले होते. शेवटच्या दोन दिवसांचा मात्र एकच होता. पावणेसतरा.

"गाव म्हणतंय, रवळू आपला वाटा घेऊन जातोय," मारुतीराव हळू आवाजात म्हणाले. "आज घटायचं थांबलंय. बाराव्याला आत्मा सुटला म्हणून थांबलं, असं पुजारी म्हंतोय."

"भरताना मका कुणी बघितला व्हता?"

"रवळूनं. प्रत्येक पोत्यातला दाणा दाताखाली धरला. कडकड वाजत व्हता. चाळीस पोती सभामंडपात ठेवली. दुसऱ्या दिवशी रवळूला डोळं दाखवायला निपाणीला न्यायचं व्हतं. मोतीबिंदू. माझाच पोरगा गाडीवरनं घेऊन गेला. त्या दिवशी युवराजनं पेव भरलं आन लिंपलं."

मंगलनं मान हलवली. आवार झाडणारी मालुबाई तेवढ्यात खराटा घेऊन आली. पुजारी यल्लाप्पाची ही बायको. मारुतीरावांना पाहून ती मागं वळणार होती, पण मंगलनं तिला थांबवलं.

"मालुबाई, तुमी रोज हितं झाडता. पेव उघडायच्या आधी काय येगळं दिसलं का?"

मालुबाईनं आधी देवळाकडे पाहून हात जोडले. "सांगू का? दिवाळी सरल्यावर मी पेवाच्या तोंडावर हात टेकला आन चटका बसल्यागत मागं घेतला. चिखलाचं लिंपण कोमट व्हतं, बाई. ताप आलेल्या माणसाचं कपाळ असतंय तसं. थंडीचं दिवस. आन ज्या सकाळी उघडलं, त्या सकाळी तोंडातनं वाफ आली. श्वास सोडल्यागत. मी ह्यांना म्हटलं, आई जागी हाय, आज कुणी उतरू नका. माझं कोण ऐकतंय?"

मालुबाई गेली. मंगल दोऱ्याखालून वाकून आत शिरली. मारुतीराव "अहो, अहो" म्हणत उभे राहिले. तिनं पिशवीतून मीटर काढलं, पाच जागचे दाणे घेतले. काही दाण्यांच्या टोकांना काळपट निळी बुरशी होती. आकडा आला बारा.

तिनं मारुतीरावांचा कागद उलटा केला आणि पेन मागितलं.

"बघा मारुतीराव. मक्यात दाणा असतो आन पाणी असतं. ऊन लागलं की पाणी उडतं, दाणा तेवढाच राहतो. आज पावणेसतरा क्विंटलात बारा टक्के पाणी. म्हणजे कोरडा दाणा झाला पावणेपंधरा क्विंटल. हा दाणा पहिल्या दिवशी बी तेवढाच व्हता. कुणी खाल्ला न्हाय, कुणी नेला न्हाय. मग पहिल्या दिवशीच्या वीस क्विंटलात बाकीचं सव्वापाच काय व्हतं?"

मारुतीरावांनी कागद जवळ ओढला.

"पाणी," मंगल म्हणाली. "सव्वापाच क्विंटल पाणी. वाळला म्हणून घटला, आन पुरता वाळला म्हणून थांबला. तुमच्या पेवातनं निघालेला मका सव्वीस-सत्तावीस टक्के ओला व्हता."

"कसं शक्य हाय? भरताना कडकड वाजत व्हता! आन बंद पेवात पाणी शिरलं असतं तर वजन वाढायला नको व्हतं?"

"व्हय. वजन वाढलं असतं. पर ते किलोभर बी वाढलं न्हाय." ती सावकाश उभी राहिली. "मारुतीराव, रवळूआप्पांनी बघितलेला मका ह्या पेवात कधी गेलाच न्हाय."

३

सत्तावीस. हा आकडा तिच्या डोक्यात कुठंतरी ठेचकाळत होता. कुठं ऐकला होता, ते आठवेना.

दुसरी गोष्ट मात्र तिला आता स्पष्ट दिसत होती. कारखान्यात दरवर्षी सुरक्षेचं शिबिर व्हायचं. ओला मका मेलेला नसतो. तो श्वास घेतो, तापतो, आंबतो. बंद जागेत कोंडला तर आतली सगळी प्राणहवा पिऊन टाकतो आणि जड, विषारी हवा खाली साठवून ठेवतो. तिला रंग नाही, आवाज नाही. अशा जागेत माणूस उतरला तर दोन-तीन श्वासांत कोसळतो. लिंपण तापलं होतं, वाफ आली होती, ओठ जांभळे पडले होते; सगळं जुळत होतं. राणीचं नाव घ्यायची गरजच नव्हती.

एकच गोष्ट जुळत नव्हती. अशा हवेत ज्योत जगत नाही. आणि कंदील जळत होता.

"कंदील कुठाय?" तिनं विचारलं.

यल्लाप्पा पुजारी गाभाऱ्याच्या बाहेर माळा गुंफत बसला होता. वाळक्या अंगाचा, सत्तरीकडे झुकलेला म्हातारा. त्यानं बोटानं दाखवलं. सभामंडपाच्या कोपऱ्यातल्या खांबाला कंदील टांगला होता. त्याला हार घातला होता. खाली कुंकवाचा सडा.

"हात लावू नका आक्का," यल्लाप्पा म्हणाला. "त्यो साधा कंदील न्हाय ऱ्हायला. मढ्याबरोबर वर आला तवा जळत व्हता. कुणाची विझवायची छाती झाली न्हाय. मी हितं टांगला. रात गेली, दिवस गेला, दुसरी रात गेली. कुणी तेल घातलं न्हाय, वात वर केली न्हाय. दोन दिवस जळला आन मग आपोआप बारीक बारीक होत विझला. मी पन्नास वर्सं दिवाबत्ती करतोय. असं कवा बघितलं न्हाय."

मंडपात ऊन येत नव्हतं. थंड फरशीवर उभं राहून मंगल त्या कंदिलाकडे बघत राहिली. क्षणभर तिलाही वाटलं, हे आपल्या कामाचं नव्हे. आपण उठावं, राणीला घेऊन निघून जावं.

"आप्पांनी शेवटी हाक मारली म्हंत्यात. तुमाला मारली व्हय?"

यल्लाप्पाच्या हातातली सुई थांबली. "गावात निम्मी माणसं म्हंत्यात, यल्लम्मा देवीला हाक मारली. निम्मी म्हंत्यात, मला. 'यल्ला' एवढंच ऐकू आलं. माझं काय वाकडं व्हतं आक्का त्याच्याशी? लहानपणापासनं एकत्र हाय आमी. माझं नाव घेऊन मेला म्हणून माझ्या दारात कुणी येत न्हाय आता."

"दोरी कुणाच्या हातात व्हती?"

"युवराजच्या. तोंडाशी त्योच वाकला व्हता. बाकी आमी चार हात लांब. कंदील बी त्यानंच सोडला. रवळूनं इचारलं, जळतोय का रं? डोळ्यांनी त्याला नुसतं पिवळं दिसायचं. युवराज म्हणाला, जळतोय आप्पा."

मंगल खांबापाशी गेली. यल्लाप्पा ओरडला, पण तिनं हार बाजूला करून कंदील उतरवला. तो हलका होता, नको तितका हलका. काच आतून लख्ख, काजळीचा एक डागसुद्धा नाही. तिनं नाक जवळ नेलं. रॉकेलचा वास नाही. मग तिनं कंदील उलटा केला.

बुडाला एक बारीक काळं बटण होतं. त्याच्या शेजारी चार्जरची पिन लावायचं भोक.

४

कंदील नव्हताच तो. जुन्या कंदिलासारखी दिसणारी, पिवळी ज्योत लुकलुकवणारी बॅटरी. तिला हवा लागत नाही. मेलेल्या हवेत ती दोन दिवस काय, चार दिवससुद्धा जळली असती.

यल्लाप्पाला हे समजावून सांगताना मंगलचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. म्हाताऱ्यानं बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, आणि हातातलं ते हलकं प्लॅस्टिक खाली ठेवलं.

"यल्लाप्पा," तिनं विचारलं, "पेव भरलं त्या दिवशी तुमी हितंच व्हता?"

"हितंच. युवराज पहाटे ट्रॉली घेऊन आलता. मी म्हटलं, पोती मंडपातच हाईत की, ट्रॉली कशाला? तर म्हणाला, घरची बी चार पोती देवीला घालायची हाईत. मी आंघोळीला गेलतो. एक खरं सांगू? ट्रॉली आली तवा भरलेली व्हती. आन गेली तवा बी भरलेलीच व्हती. मला वाटलं, माझंच डोळं."

भरलेली आली, भरलेली गेली.

मंगलला आठवलं. सत्तावीस.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. परतीच्या पावसानं कापणी झोडपली होती, गेटवर ओल्या मक्याची रांग लागली होती. त्या रांगेत युवराज होता. "आत्या, घरचाच मका हाय." तिनं दाणा चावला. दातात तो वाजला नाही, चेपला. सत्तावीस. मीटरनंही तेच सांगितलं. "परत घेऊन जा. नियम सगळ्यांना एकच." तो काही बोलला नाही. वर्षभराचा मका, आठ दिवसांत कुजला असता. पाठीमागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला, तशी तिनं पुढच्या पोत्यात बांबू खुपसला.

नऊ दिवसांनी तो पुन्हा आला. अडतीस पोती. दाणा कडकन वाजला. बारा. तिला बरं वाटलं होतं. "बघ, वाळवला की कसा सोन्यासारखा झाला," असं ती म्हणाली होती. मधल्या नऊ दिवसांत सूर्य धड तीन दिवससुद्धा दिसला नव्हता. अठरा वर्षं मका बघणाऱ्या बाईला हे कळायला नको होतं? पण जावई होता. तिनं विचारलं नाही. देवीचा मका तिनं स्वतः गेटमधून आत घेतला होता.

ती राणीच्या घरामागच्या गोठ्यात गेली. शोधावं लागलं नाही. वैरणीच्या मागं खुंटीला आप्पांचा जुना कंदील लटकत होता. काच फुटलेली.

आणि तिथं उभ्या उभ्या तिला शेवटची गोष्ट उलगडली. पेवाच्या तळाशी उतरलेला, डोळ्यांनी न दिसणारा माणूस. तो मका पाहणार कसा? हातानं. हात खोल खुपसून मूठ भरून घेतली असेल. चाळीस वर्षं मका हाताळलेल्या बोटांना पहिल्या क्षणी कळलं असेल. मग त्यानं वर ओरडून सांगितलं असेल. काय सांगितलं असेल?

यल्लम्माला हाक नव्हती ती. पुजाऱ्यालाही नव्हती.

"युवराज कुठाय?" तिनं परसात येऊन राणीला विचारलं. राणी मागल्या दारी मळ्यातल्या बैलांसाठी वैरणीचा भारा बांधत होती.

"मळ्यात. का गं?"

मंगल उत्तर न देता चालू लागली.

५

युवराज विहिरीच्या कठड्यावर बसला होता. मोटर बंद होती, पाणी शांत. मंगल त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली.

"आप्पा काय म्हणालं शेवटी?"

"सगळ्यांनी ऐकलंय की आत्या. यल्ला म्हणालं."

"सगळं चार हात लांब व्हतं. तू तोंडाशी वाकला व्हतास."

त्यानं कठड्यावरचा खडा उचलून पाण्यात टाकला.

"मी सांगू?" मंगल म्हणाली. "'वल्ला' म्हणालं. मका ओला हाय, असं म्हणालं. यल्ला न्हवं."

युवराजचा चेहरा बघता बघता उतरला. बारा दिवस त्यानं ज्या भिंतीला पाठ टेकून ठेवली होती, ती कुणीतरी काढून घेतल्यासारखा तो पुढं झुकला.

"तुमाला कसं..."

"पावणेसतरा क्विंटलावरनं. आन माझ्या गेटवरनं. दोन खेपा झाल्या तुझ्या. सांग आता तुझ्या तोंडानं."

मग तो बोलू लागला, खाली पाण्याकडे बघत.

"मका कुजाय लागला व्हता. तुमी परत धाडलात. दुसऱ्यांनी बी न्हाय घेतला. म्हटलं, देवीचा मका जत्रेत शिजवूनच खायचा. वल्ला काय, वाळका काय. पोत्याला पोतं दिलं, वजनाला वजन. वर दोन पोती वाळकी पसरली, उघडल्यावर चांगला दिसावा म्हणून. मला हवेचं ठावं न्हवतं, आत्या. लक्ष्मीची शपथ. आप्पा म्हणायचं हवा मरते, मरते. मला वाटायचं, म्हाताऱ्यांचं काय तरी. वल्ला मका हवा खातोय, हे कुणी सांगितलंच न्हाय मला."

"आन कंदील?"

"त्याची काच त्याच सकाळी माझ्या हातनं फुटली. आप्पा तापलं असतं, उतरायचं पुढं ढकललं असतं. त्यांच्यासाठी निपाणीतनं ती बॅटरी आणून ठेवलेली. दिसाय सारखीच. म्हटलं, उजेड मिळाला म्हंजे झालं." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ते म्हणालं, जळतोय का रं. मी म्हटलं, जळतोय."

"आन आप्पा उतरलं," मंगल म्हणाली.

"त्यापुढं बी हाय," तो म्हणाला. "आप्पा वल्ला म्हणालं, ते मला बराबर ऐकू आलं. आन मी दोरी वढली न्हाय. भ्यालो. आता वर आलं की सगळ्या गावाम्होरं बोलतील, असं वाटलं. चार-पाच श्वास घेईपर्यंत तसाच उभा ऱ्हायलो. मग दोरी सैल पडली. आत्या, लगीच वढलं असतं तर वाचलं असतं का ओ?"

त्या हवेत किती वेळ मिळतो, हे मंगलला माहीत होतं. कदाचित वाचले असते, कदाचित नसते. ती म्हणाली, "मला न्हाय माहीत."

पाठीमागं काहीतरी धप्पकन पडलं. दोघांनी वळून पाहिलं. राणी उभी होती. डोक्यावरचा वैरणीचा भारा तिनं खाली टाकला होता. मंगलच्या मागोमाग ती केव्हा आली, दोघांनाही कळलं नव्हतं.

ती रडली नाही. युवराजपासून चार पावलांवर येऊन थांबली.

"मामांजींचं मी समजून घेईन," ती म्हणाली. "चूक झाली. तुमी काय मुद्दाम मारलं न्हाय. पर मला लोकं इख घालणारी म्हणत व्हती. माझ्या हातचं पाणी कुणी घेत न्हवतं. तुमी दारात उभं राहून बघत व्हता. तुमाला माहीत व्हतं. बारा दिवस माहीत व्हतं."

"राणी..."

"पोलीस मला धरून घेऊन गेलं असतं तर बोलला असता का?"

युवराजला हो म्हणता आलं नाही. खोटं बोलायचं बळ आता उरलं नव्हतं, एवढंच त्याच्या बाजूनं सांगता येईल.

६

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, युवराजनं देवळाच्या आवारात उभं राहून सगळं सांगितलं. राणीनं सांगायला लावलं. मारुतीराव ऐकता ऐकता पायरीवर बसले. यल्लाप्पानं हळदीचा दोरा स्वतःच्या हातानं तोडला. कुणी ओरडलं नाही, कुणी अंगावर धावून गेलं नाही. भूत असतं तर गाव घरी जाऊन दारं लावून बसलं असतं. पण हा समोरच्या गल्लीतला पोरगा होता, आणि त्याच्याकडे बघणं जास्त जड जात होतं. दुसऱ्या दिवशी तो मका खड्ड्यात पुरला. पेवाचं काय करायचं, यावर बोलायला कुणाचं मन धजलं नाही.

त्याच सकाळी युवराज पोलिसांकडे जायला निघाला. रस्त्यात मालुबाई दारात उभी होती. राणीला बघून तिनं काहीतरी बोलायला ओठ हलवले, पण राणी न थांबता पुढं गेली. मंगल त्या दोघांच्या मागून चालत होती. तिलाही कारखान्यात जाऊन त्या दुसऱ्या ट्रॉलीबद्दल सांगायचं होतं. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नव्हतं.

फाट्यावर चिकोडीची बस उभी होती. युवराज पायरीवर चढला आणि वळला. रात्रीत त्याचे डोळे आत गेले होते.

"तू येणार न्हाईस?" त्यानं विचारलं.

राणीनं त्याच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. आधार म्हणून नव्हे. वाटेत भूक लागेल म्हणून.

"बारा दिवस तुमी एकट्यानं गप बसला," ती म्हणाली. "आता एकट्यानंच बोलून या."

कंडक्टरनं घंटी दिली. बस सुटली. धुरळा खाली बसेपर्यंत राणी तिथंच उभी राहिली. मग डोक्यावरचा पदर नीट करून ती घराकडे वळली. गोठ्यात म्हशीच्या धारा काढायच्या राहिल्या होत्या.